मुलाच्या सॅकमध्ये व्हेप सापडला, आता सिगारेटही लागेल का?

आलेलं पत्र:

"माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, अकरावी सायन्सला. मागच्या आठवड्यात त्याच्या सॅकच्या आतल्या कप्प्यात हायलायटरएवढी एक वस्तू सापडली. आंब्याचा वास येत होता. मला वाटलं अत्तर असेल. मोठी मुलगी म्हणाली, 'पप्पा, हा व्हेप आहे.' मुलाने नाकारलं नाही. म्हणाला, 'दहावीच्या सुट्टीपासून ओढतोय. नुसती वाफ असते. सिगारेटला मी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही.' माझा मेहुणा म्हणतो, आज हे, उद्या सिगारेट, परवा गांजा, आत्ताच दोन कानाखाली वाजव. बायको रोज रडते. मी स्वतः वीस वर्षं सिगारेट ओढतो, दिवसाला पाच-सहा, घरात नाही, गॅलरीत. दोन प्रश्न आहेत. व्हेप ओढणारी मुलं खरंच सिगारेटकडे वळतात का? आणि मी कोणत्या तोंडाने त्याला सांगू? तो व्हेप सध्या माझ्या कपाटात कुलपात आहे."
एक वडील, नाशिक

नमस्कार,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, ओढणारी सगळी मुलं सिगारेटकडे वळत नाहीत, निम्म्याहून जास्त वळत नाहीत. पण व्हेपला कधीच हात न लावलेल्या मुलांशी तुलना केली तर त्यांच्यातली कितीतरी जास्त मुलं पुढे सिगारेट ओढून पाहतात. हे इतक्या अभ्यासांत दिसलंय की त्यावर फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो याच्या पुढचा: व्हेपनेच त्यांना तिकडे नेलं, की ती मुलं तशीही गेलीच असती? हा वाद तुम्हाला माहीत असायला हवा. तुम्ही बोलायला बसाल तेव्हा तुमचा मुलगा मोबाइलवर काहीतरी शोधून तुमच्यापुढे धरणार, हे नक्की समजा. अकरावी सायन्सच्या मुलाला "मोठी माणसं सांगतात म्हणून" एवढं पुरत नाही, आणि पुरूही नये.

२०१५ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या दहा सरकारी शाळांतल्या नववीच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अडीच हजारांवर मुलं होती आणि त्यांच्यापैकी कोणीही तोवर सिगारेट, सिगार, हुक्का यातलं काही ओढलं नव्हतं. सहा महिन्यांनी त्यांना पुन्हा विचारलं. सुरुवातीला व्हेप ओढून पाहिलेल्या मुलांपैकी ३०.७% जणांनी मधल्या काळात जळणाऱ्या तंबाखूचा कुठला ना कुठला प्रकार ओढला होता. व्हेप न ओढलेल्यांत हेच प्रमाण ८.१% होतं. २०१७ मध्ये अशा नऊ अभ्यासांतल्या सतरा हजारांवर मुलामुलींची आणि तरुणांची आकडेवारी एकत्र मांडली गेली, आणि चित्र जवळपास तेच निघालं: सिगारेटची सुरुवात करणारे एका बाजूला ३०.४%, दुसऱ्या बाजूला ७.९%. यातली 'सुरुवात' म्हणजे एखादा झुरकासुद्धा, हे लक्षात घ्या. गेल्या महिन्याभरात सिगारेट ओढलेले तेवढेच मोजले तर आकडे खाली येतात, २१.५% आणि ४.६%. तरी अंतर मोठंच राहतं.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. पंधराव्या वर्षी व्हेप हातात घेणारा मुलगा आणि न घेणारा मुलगा मुळात सारखे असतात का? पहिल्याला नवं काही करून पाहण्याची ओढ जास्त असेल, त्याचे मित्र ओढणारे असतील, घरात कोणी ओढत असेल, मनावर कसला ताण असेल. ही सगळी कारणं त्याला सिगारेटकडेही नेऊ शकतात, मध्ये व्हेप असो वा नसो. संशोधक हे घटक हिशोबात धरतात, तेव्हा फरक कमी होतो. २०२० मध्ये सतरा अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, त्यात नुसत्या तुलनेत शक्यता साडेचार पट दिसत होती, ती हे घटक धरल्यावर तिपटीच्या जवळ आली. म्हणजे बराच भाग मुलाच्या स्वभावाचा आणि आजूबाजूच्या माणसांचा, पण सगळा नाही. शिवाय स्वभाव काही फूटपट्टीने मोजता येत नाही, त्यामुळे उरलेल्या फरकात तो किती लपलेला आहे हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मुलगा तुम्हाला अमेरिकेचे आकडेही दाखवेल. तिथे २०११ मध्ये हायस्कूलमधली दीड टक्का मुलं व्हेप ओढत होती, २०१९ मध्ये ती २७.५% झाली. व्हेप सिगारेटकडे ढकलतो, असं असतं तर याच काळात सिगारेट ओढणारी मुलं वाढायला हवी होती. झालं उलटं. ती १५.८% वरून ५.८% वर आली आणि पुढेही कमीच होत गेली. या आकड्यांना उत्तर द्यायचं तर एवढंच देता येतं की तिथे त्याच वर्षांत सिगारेट महाग झाली, सार्वजनिक जागांतून हद्दपार झाली, मुलांच्या नजरेतून उतरली. ओढा खालच्या दिशेने इतका जोराचा होता की व्हेपमुळे काही मुलं उलटी गेली असली तरी एकूण आकड्यात ती दिसणार नाहीत. २०२५ मध्ये तरुणांवरच्या १२३ अभ्यासांचा, म्हणजे जवळपास ४० लाख लोकांच्या माहितीचा, एक मोठा आढावा आला. त्यातही हेच: एकेका मुलाकडे पाहिलं तर व्हेप आणि पुढची सिगारेट यांचा संबंध दिसतो, अख्ख्या समाजाकडे पाहिलं तर उत्तरं वेगवेगळी येतात, आणि व्हेपच कारण आहे असं ठामपणे म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही.

इथवर संशोधन. पण तुमच्या घरात एकच मुलगा आहे, आणि तो नाशिकमध्ये आहे, लॉस एंजेलिसमध्ये नाही. माझ्या मते तुमच्यासाठी खरा प्रश्न वेगळा आहे. त्याला निकोटीनची सवय लागली आहे का, आणि ती भागवायला त्याच्या आसपास सगळ्यात सोपं काय मिळतं?

सवयीचं आधी पाहू. पूर्वी पोरांचं रक्षण करणारी एक गोष्ट सिगारेटमध्येच होती. पहिला झुरका घशाला असा झोंबायचा की ठसका लागून डोळ्यांत पाणी यायचं, आणि बरीच मुलं तिथेच थांबायची. नव्या व्हेपमध्ये हा अडसर काढून टाकलेला आहे. त्यात निकोटीनबरोबर बेन्झोइक आम्लासारखं आम्ल मिसळून त्याचा क्षार करतात, त्यामुळे बरंच निकोटीन घशाला न लागता आत जातं. वर आंबा, पुदिना, कलिंगड. अमेरिकेत २०१५ मध्ये आलेल्या जूल या व्हेपच्या ब्रँडने हे तंत्र शाळाशाळांत पोचवलं. डिसेंबर २०१८ मध्ये त्या कंपनीतला ३५% हिस्सा आल्ट्रियाने १२.८ अब्ज डॉलरला विकत घेतला. आल्ट्रिया म्हणजे अमेरिकेत मार्लबोरो विकणारा उद्योगसमूह. "व्हेपवाले वेगळे आणि सिगारेटवाले वेगळे" असं तुमचा मुलगा समजत असेल, तर त्याला हा व्यवहार जरूर सांगा. सोळाव्या वर्षी कोणी आपल्याला गिऱ्हाईक म्हणून हेरतंय ही गोष्ट फुप्फुसाच्या चित्रापेक्षा जास्त लागते.

"नुसती वाफ" हेही कपाटातली वस्तू बाहेर काढून तपासता येईल. आपल्याकडे चोरून येणाऱ्या मालावर बहुतेक वेळा "५%" असं छापलेलं असतं. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साधारण ५० मिलिग्रॅम निकोटीन. १० मिलिलिटरचा डिस्पोजेबल, म्हणजे संपला की टाकून द्यायचा व्हेप असेल तर ५०० मिलिग्रॅम झालं. एका सिगारेटमधून शरीरात जातं ते एक ते दीड मिलिग्रॅमच्या आसपास. द्रवातलं सगळं शरीरात जात नाही हे खरं, पण हा हिशोब त्यालाच कागदावर मांडू द्या. "निकोटीन नाही" असं छापलं असलं तरी विश्वास ठेवू नका. अशा वस्तूंत निकोटीन निघालेलं आहे, आणि आपल्याकडे हा माल कायद्याबाहेरचा असल्यामुळे आत काय भरलंय हे कोणीच तपासत नाही.

मेंदूचा जो भाग आवर घालतो, पुढचा विचार करतो, तो पंचविशीपर्यंत घडत असतो. त्या वयाआधी निकोटीनची सवय लवकर लागते आणि थोड्या मात्रेनेही लागते. म्हणून "अधूनमधूनच ओढतो" या वाक्यावर अवलंबून राहू नका. त्याला हे विचारा: सकाळी उठल्यावर किती वेळात हवासा वाटतो? अर्ध्या तासाच्या आत वाटत असेल तर सवय पक्की आहे. क्लास चालू असताना बाथरूमला जावं लागतं का? रात्री जाग आली की हात उशीखाली जातो का? बॅटरी संपली की चिडचिड होते का? पूर्वी कधी बंद करून पाहिला का, आणि किती दिवस जमलं? उत्तरं ऐकताना चेहरा शांत ठेवा. पहिल्या उत्तरालाच तुम्ही भडकलात तर दुसरं खरं मिळणार नाही.

आता आसपासचं. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, वाटणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तरी मुलांना ते मिळतं. इन्स्टावरून मिळतं, कोणाच्या तरी दादाकडून मिळतं, पानाच्या दुकानात काउंटरखालून मिळतं. पण ते महाग असतं, आज आहे आणि उद्या नाही असं असतं. सिगारेट मात्र कॉलेजच्या गेटपासून हाकेच्या अंतरावर वडापावच्या किमतीत सुटी मिळते. अठरा वर्षांखालच्याला विकायची नाही, शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांत विकायची नाही, असा २००३ चा केंद्राचा कायदा आहे. सुटी विकायची नाही असा महाराष्ट्र सरकारचा सप्टेंबर २०२० चा आदेश आहे. टपरीवर यातलं किती पाळलं जातं हे तुम्ही वीस वर्षांचे गिऱ्हाईक म्हणून माझ्याहून चांगलं जाणता.

म्हणून आपल्याकडची वाट मला अमेरिकेपेक्षा वेगळी दिसते. तिथे मुलाला व्हेप सिगारेटइतकाच सहज मिळत होता, त्यामुळे बरीच मुलं व्हेपवरच राहिली. इथे महिन्याच्या वीस तारखेला पॉकेटमनी संपतो, व्हेप बंद पडतो, नवा घ्यायला हजाराच्या वर लागतात, आणि तलफ तर आहेच. मित्र म्हणतो, "हे घे, आजच्या पुरतं." मुलगा बिघडला म्हणून तो झुरका घेत नाही. शरीर मागतंय आणि समोर तेच स्वस्त आहे म्हणून घेतो. धूर छातीत घ्यायचा कसा हे त्याला व्हेपने आधीच शिकवलेलं असतं, त्यामुळे ठसकाही लागत नाही.

महाराष्ट्राच्या बाबतीत आणखी एक सांगायला हवं. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत आपल्या राज्यातले ३.८% प्रौढ विडी-सिगारेट ओढणारे होते, देशात हे प्रमाण १०.७% होतं. ही चांगली गोष्ट. पण धूर न होणारा तंबाखू खाणारे होते २४.४%. म्हणजे निकोटीनची भूक लागलेल्या मुलाला इथे सिगारेट हा एकच रस्ता नाही. ओठाखाली ठेवायची पुडी आहे, खर्रा आहे, मावा आहे, आणि त्यांचा ना वास घरापर्यंत येतो ना धूर दिसतो. तुम्ही फक्त सिगारेटचा वास शोधत राहाल आणि दुसरंच चालू असेल, असं होऊ देऊ नका. २०१९ मध्ये १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांची देशभर पाहणी झाली. त्यात ८.५% मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती आणि ई-सिगारेट कधीतरी ओढून पाहिलेली फक्त २.८% होती. आपल्या पोरांना तंबाखूपर्यंत पोचायला व्हेपची गरज कधीच नव्हती. पण श्रीमंत कॉलेजांतल्या, तंबाखूपासून लांब असलेल्या, "सिगारेट घाणेरडी" म्हणणाऱ्या मुलांना त्याने निकोटीनची ओळख करून दिली. मला काळजी वाटते ती या मुलांची, कारण ती स्वतःला सुरक्षित समजतात.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीकडे येते. तो व्हेप आठवडाभर तुमच्या कपाटात आहे. दहावीच्या सुट्टीपासून ओढत असलेला मुलगा आठवडाभर निकोटीनशिवाय आहे, असं तुम्ही धरून चाललात. तसं असेलही. पण तसं असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत तुम्हाला ते दिसायला हवं होतं: चिडचिड, झोप न लागणं, सारखं खायला मागणं, पुस्तकापुढे बसून एक पान न उलटणं. हा त्रास पहिल्या दिवसात सुरू होतो, दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराच निवळतो. मुलगा आठवडाभर अगदी नेहमीसारखा असेल तर दोनच शक्यता आहेत. एक, त्याची सवय खरंच हलकी होती. दोन, त्याने दुसरी सोय केली आहे. गॅलरीतल्या तुमच्या पाकिटातल्या सिगारेटी तुम्ही कधी मोजता का?

हे त्याच्यावर चोरीचा आळ घालायला लिहिलेलं नाही. वस्तू काढून घेतली म्हणजे तलफ काढून घेतली असं होत नाही, आणि घरात दुसरी वस्तू उघड्यावर असेल तर तुमच्याच कडक वागण्याने तो तिकडे सरकू शकतो, एवढ्यासाठी लिहिलं. अमेरिकेत काही राज्यांनी अल्पवयीनांना व्हेप विकणं इतरांच्या आधी बंद केलं, तेव्हा तिथल्या १२ ते १७ वयाच्या मुलांत सिगारेट थोडी वाढल्याचं एका अभ्यासात दिसलं होतं. व्हेप त्याला परत द्या, असा याचा अर्थ मुळीच नाही. काढून घेतलात हे बरोबरच केलंत. फक्त त्याबरोबर सवय सोडवायची मदत त्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. ती आज सुरू करा.

आणि इथे तुमचा दुसरा प्रश्न येतो, कोणत्या तोंडाने सांगू. आई-वडिलांपैकी एक जण ओढत असेल तर मुलाने ओढायला लागण्याची शक्यता साधारण पावणेदोन पट होते, दोघं ओढत असतील तर पावणेतीन पटीच्या आसपास जाते. व्हेपचा धोका तुम्ही मला विचारलात, पण हाही धोका त्याच घरात आहे आणि तो कमी करणं सर्वस्वी तुमच्या हातात आहे. गॅलरीत जाऊन ओढल्याने धूर कमी होतो. तो जे पाहत मोठा झाला ते कमी होत नाही. बाबा दमून आले, गॅलरीत गेले, पाच मिनिटांनी बरे होऊन आले. ताण उतरवायचा असाच, हे त्याने पंधरा वर्षं पाहिलंय.

तुमच्याकडे बोलायला तोंड आहे, आणि ते मेहुण्यांपेक्षा जास्त आहे. निकोटीनची गुलामी काय असते हे त्या घरात फक्त तुम्हाला आतून माहीत आहे. त्याला तेच सांगा. पहिली कधी ओढली, कोणी दिली, किती वेळा सोडायला गेलात आणि कशामुळे परत लागली, एखाद्या लग्नात किंवा गावच्या जत्रेत सिगारेट शोधत कसे भटकलात, महिन्याला किती पैसे जातात. उपदेश एकही नको. आणि मग म्हणा, "मी पण सोडतोय. तू व्हेप, मी सिगारेट. तारीख आपण दोघं मिळून ठरवू." हे मनापासून म्हणणार असाल तरच म्हणा. चार दिवसांनी तुम्ही सोसायटीच्या मागे ओढताना दिसलात तर त्याच्या बाजूने सगळं संपलं. मोठ्या मुलीलाही या बोलण्यातून वगळू नका. तिने व्हेप बघताक्षणी ओळखला, तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

त्याचं जे खरं आहे ते मान्य करा. व्हेपमध्ये तंबाखू जळत नाही, म्हणून सिगारेटच्या धुरातला डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात येत नाही, आणि सिगारेट त्याहून जास्त घातक आहे, हे बरोबर आहे. इतकंच काय, प्रौढांना सिगारेट सोडायला निकोटीनचा व्हेप च्युइंगगम-पट्ट्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो, असा चांगला पुरावा परदेशात आहे. हे तुमच्या वाचनात येईल आणि तुम्हाला मोह होईल, म्हणून आत्ताच सांगते: आपल्याकडे तो बेकायदा आहे, चोरट्या मालाच्या शुद्धतेची खात्री नाही, आणि मुलाचा व्हेप जप्त करून वडिलांनी दुसरा आणला तर घरात कोणी कोणाचं ऐकणार नाही. मुलाला मात्र एवढंच म्हणा: "सिगारेटपेक्षा कमी वाईट हा हिशोब माझ्यासारख्या वीस वर्षं ओढणाऱ्याचा आहे. तू कशापेक्षा कमी वाईट मोजतोयस? तू तर काहीच ओढत नव्हतास."

मेहुण्यांच्या गांज्याबद्दल थोडक्यात. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं ठरलेल्या पायऱ्यांनी सगळी मुलं जात नाहीत. पण व्हेपच्या उपकरणात गांजाचं तेलही भरता येतं, म्हणून काय भरलं होतं हे एकदा सरळ विचारा. २०१९-२० मध्ये अमेरिकेत २,८०० वर माणसं फुप्फुसाच्या गंभीर इजेने दवाखान्यात गेली आणि ६८ दगावली, त्यात मुख्य दोष गांजाच्या अर्कात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटचा निघाला. धाप, छातीत दुखणं, ताप असं काही कधीही झालं तर डॉक्टरांना व्हेपचं लपवू नका. आणि कानाखाली वाजवायचं मनातून काढून टाका. मार खाल्लेला मुलगा व्हेप सोडत नाही, घरी सांगणं सोडतो. नातेवाइकांच्या ग्रुपवरही हा विषय जाऊ देऊ नका. मेहुण्यांना आतापर्यंत कळलं तेवढं पुरे.

मदत कुठे मिळते ते लिहून ठेवा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. मुंबईत टाटा मेमोरियलमधूनही ही सेवा चालते, मराठीत बोलता येतं, आणि पुढचे काही आठवडे ते स्वतःहूनही फोन करतात. उदास वाटणं, भीती, अभ्यासाचा ताण असं काही खाली दडलेलं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. बरीच मुलं मजेसाठी सुरू करतात आणि ताणासाठी चालू ठेवतात, त्यामुळे जेईई-सीईटीच्या क्लासचं वेळापत्रक एकदा त्याच्या नजरेने पाहा. निकोटीनचं च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतं. तुम्ही ते वापरू शकता, पण अठरा वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. सवय पक्की दिसली तर फॅमिली डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे त्याला एकट्याने बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा. नुसत्या बोलण्याचाही उपयोग होतो. अमेरिकेत १३ ते १७ वयाच्या मुलांना व्हेप सोडण्यासाठी मोबाइलवर रोज संदेश पाठवण्याचा प्रयोग झाला, त्यात सात महिन्यांनी ३७.८% मुलं व्हेपपासून लांब होती. असे संदेश न मिळालेल्यांत २८% होती. याचा अर्थ आणखी एक आहे: फारशी मदत नसतानाही चौथ्या हिश्शाहून जास्त मुलं सोडू शकतात. या वयात सवय लवकर लागते, पण वीस वर्षांच्या सवयीइतकी ती खोल गेलेली नसते.

तारीख ठरवताना चाचणी परीक्षेचा आठवडा टाळा. पहिले तीन दिवस शनिवार-रविवारला जोडून घ्या, घरात कोणी त्याच्या चिडण्यावर बोट ठेवू नका, हाताशी फुटाणे, बडीशेप, लवंग ठेवा, संध्याकाळी त्याला मैदानावर जाऊ द्या. तलफेची लाट पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा असतो. कपाटातला व्हेप त्याच्यासमोर निकालात काढा, पण ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. त्यात लिथियमची बॅटरी असते आणि उरलेला द्रव लहान मुलाच्या पोटात गेला तर विषारी ठरतो. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. तुमचं पाकीट आणि लायटरही त्याच दिवशी घराबाहेर जायला हवं.

व्हेप कोणाकडून घेतला हे त्याने सांगितलं तर ते नाव मित्रांत फुटणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर पुढचं काही सांगणार नाही. विकणारा प्रौढ दुकानदार असेल तर पोलिसांकडे तक्रार करता येते. अल्पवयीन मुलाला तंबाखूजन्य वस्तू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, हे टपरीवाल्यालाही एकदा शांतपणे सांगायला हरकत नाही. तुमच्या सोसायटीतल्या चार पालकांनी मिळून सांगितलं तर आणखी चांगलं.

एका प्रयत्नात जमेलच असं नाही, त्याला नाही आणि तुम्हाला तर मुळीच नाही. महिन्याभराने त्याच्या शर्टाला सिगारेटचा वास आला तर "शेवटी ओढलीसच ना" असं म्हणू नका. कधी तलफ आली ते विचारा. परीक्षेच्या आदल्या रात्री, मित्र भेटल्यावर, की तुमच्याशी भांडण झाल्यावर? तिन्हींवर उपाय वेगळे आहेत, आणि क्विटलाइनवरचा माणूसही तुम्हाला पहिल्यांदा हेच विचारेल.